हे बरं, की ते?

डॉक्टर मजमुदारांनी डोळ्यासमोर एक काच धरली,
मग ती काढून दुसरी.
"हे बरं, की ते?"
मला हसू आलं.
दांडिया बाजारात, जिन्याखालच्या दुकानात
तेहतीस वर्षं हाच प्रश्न मी विचारत आलोय
गिऱ्हाइकांना, काचांना,
आणि गिऱ्हाईक नसलं की स्वतःला.

माझा तक्ता म्हणजे खंडेराव मार्केटचं पांढरं तोंड.
कुठलीही लेन्स येवो, सकाळी आठला
तिपाई तिथेच, त्याच फुटक्या फरशीवर.
आधी पूर्ण उघडी, मग एफ चार, मग आठ.
घुमटाला जांभळी किनार सुटते का,
कोपऱ्यातल्या कमानी वाकतात का,
सगळं वहीत:

जर्मन पस्तीस. मधे सुरी, कडेला उकडलेला बटाटा.
रशियन अठ्ठावन्न. मागची झाडं गरगरतात. लग्नाला नको.
मुदत संपलेला रोल, सहा वर्षं कुणाच्या तरी फ्रिजमध्ये
लोणच्याशेजारी. हिरवा उतरतो. चालेल.
तीनशे मिलिमीटर, विश्वामित्रीच्या पुलावरून.
मगर हलली नाही. मी हललो.

पुढेपुढे एकच शेरा सारखा:
पिवळ्यावर जाते.
जपानी जाते, जर्मन जाते,
खोक्यातून काढलेली नवीकोरी, तीही जरा जातेच.
मी कंपन्यांना नावं ठेवली.
म्हटलं, काचेवर पूर्वीसारखा मुलामा देत नाहीत हल्ली.
फिल्म गेली, कॉम्प्युटर आला, पडदाही पिवळाच.
मी रंगाची पट्टी निळ्याकडे ओढत राहिलो,
वल्हं मारावं तशी.

उजव्या डोळ्यातून मोतीबिंदू निघाला. नवी काच बसली.
दुसऱ्या दिवशी पट्टी सुटली
आणि मला वाटलं, दवाखान्याचा व्हाइट बॅलन्स चुकलाय.

परतताना रिक्षा मार्केटपाशी थांबवली.
डावा डोळा झाकला:
चुना, दूध, नुकतं वाळलेलं धोतर.
उजवा झाकला:
चहा सांडलेला कागद.
तोच घुमट, तेच ऊन, मिनिटाचाही फरक नाही.
"शुं थयुं, काका?" रिक्षावाल्याने विचारलं.
टेस्ट चाललीय, म्हटलं.

दुकानात कृपालीला म्हणालो, जुनी लग्नं उघड.
माझ्या हातचे फोटो पडद्यावर आले.
हळदीचा कार्यक्रम, आणि हळद राखेसारखी,
नवरी, करवली, सगळं वऱ्हाड
थंडीने काकडल्यासारखं निळं.
शेजारी, काय काय बदललं त्याच्या यादीत,
शेवटची ओळ प्रत्येक फोटोला तीच:
पिवळा, अधिक अकरा.
मी केलेली नव्हे.
वेळ रात्री साडेआठची,
मी शटर अर्धं ओढून घरी गेल्यानंतरची.
सात वर्षं.

"सांगितलं का नाहीस?"
ती माऊसचं चाक फिरवत राहिली.
"एकदा सांगितलं होतं.
तुम्ही म्हणालात, तुझा स्क्रीन तपासून घे.
मी घेतला तपासून."

रात्री वही काढली, शेरे खोडायला.
पण कुठले?
शुक्रवारच्या बाजारातली ती जपानी पन्नास
खरंच पिवळी आहे, तिच्या काचेत थोरियम आहे.
तीन आठवडे खिडकीत उन्हात ठेवलीय,
खाली चांदीचा कागद.
उतरतंय हळूहळू.
बाकीच्यांचं काय सांगू?
किती निर्मळ काचा अर्ध्या किमतीत घालवल्या,
त्या आता कुठे कुठे असतील,
कुणाच्या गळ्यात, नर्मदेच्या घाटावर, बारशाला.
पेनाचं टोपण लावून टाकलं.

डावा डोळा पुढच्या महिन्यात करू, डॉक्टर म्हणाले.
मी दिवाळीनंतरची तारीख मागितली.
घाई कशाला?
तुलनेला जुना नमुना हाताशी असावा.